हाय पॉवर लेझरचा मोठा मिरर तपासायचाय? आधी त्याला थंड होऊ द्या

मोठा मिरर टेलिस्कोपचा असो की हाय पॉवर लेझरचा, पहिलं काम एकच, मोजायच्या खोलीत तो रात्रभर नुसता उभा ठेवा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये स्लॅब मध्यरात्रीनंतरही धग सोडत असतो, म्हणून मी पहाटे चार ते सहा एवढ्यातच बसतो, फॅन बंद, खिडकीला आपली सोलापुरी चादर. आमच्या पूर्व भागात मागांची खटखट फरशीतून वर येते आणि सगळं चित्र थरथरतं, तेव्हा माग बंद असतील तोच दिवस धरा.

कॉन्केव्ह, म्हणजे आत खोलगट, मिररला फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोची ब्लेड टेस्ट, १८५८ पासूनची, स्वस्तात याच्यासारखं दुसरं काही नाही. फॉइलला सुईने बारीक भोक, मागे एलईडी, शेजारी दाढीचं ब्लेड, आणि हे सगळं फोकल लेंग्थच्या दुप्पट अंतरावर. माझ्या ८ इंचीची फोकल लेंग्थ १२०० मिमी, म्हणजे स्टँड २४०० मिमीवर. कोटिंग नसलं तरी चालतं, कोरी काच ४ टक्के उजेड परत देते तेवढा पुरतो. डोळा ब्लेडमागे ठेवून ब्लेड हळूहळू उजेडात घाला, सावली ब्लेडच्याच बाजूने शिरली तर तुम्ही मिररच्या जास्त जवळ आहात, उलट बाजूने आली तर लांब. बरोबर जागी स्फेरिकल, म्हणजे गोलाच्या आकाराचा, मिरर एकदम सगळा राखाडी होतो, कुठे कडं किंवा टेकाड दिसलं तर तिथे घासायचं बाकी आहे.

कोऱ्या काचेवर अर्धा मिनिट अंगठा टेकवून मग बघा, त्या जागी चक्क टेकाड उठलेलं दिसतं आणि विरायला वेळ घेतं. लेझरमध्ये हेच होतं, १ किलोवॅटच्या बीममधला ०.१ टक्का जरी कोटिंगने खाल्ला तरी १ वॅट उष्णता सतत काचेत जाते आणि मधला भाग फुगतो. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो प्रयोगाचे ३४ सेंमीचे, ४० किलोचे मिरर फ्यूज्ड सिलिकाचे असतात ते उगाच नाही, ही काच तापली तरी फारच कमी फुगते, आणि आपल्या हिंगोलीला औंढ्याजवळ लायगो इंडिया होतंय तेव्हा हे इथल्या पोरांना यायलाच हवं. कोटिंगवर मात्र बोट लावू नका, तेलाचा डाग बीममध्ये जळतो आणि कोटिंग जातं.

दोष दिसला की लगेच पॉलिशला बसू नका!! मिरर ९० अंश फिरवा, दोष सोबत फिरला तर काचेचा, जागीच राहिला तर स्टँडचा. क्लिप जास्त आवळल्यामुळे माझे दोन आठवडे फुकट गेलेत.

सपाट मिररला फिझो इंटरफेरोमीटर लागतो, म्हणजे उजेडाच्या पट्ट्यांवरून काचेचा उंचसखलपणा मोजणारं यंत्र, हिलियम-निऑन लेझरच्या ६३२.८ नॅनोमीटर उजेडात एक पट्टा सरकला म्हणजे काचेत साधारण ३१६ नॅनोमीटरचा फरक, आणि परावर्तनात ती चूक बीमला दुप्पट लागते. शेवटी अंधारात तिरका टॉर्च मारून धूळ, ओरखडे बघा, आणि हे सगळं करताना मोठा लेझर बंदच, नुसता स्विच नाही, प्लग काढून.

मिररच्या कडेला वरच्या बाजूची पेन्सिलने खूण करा आणि त्या पहाटेचं तापमान वहीत लिहा, नाहीतर पुढच्या वेळी ताडून कशाशी बघणार.