नांदूर मधमेश्वरला बदकं बघायला निघण्याआधी

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या या पक्षी अभयारण्यात जायची तारीख डिसेंबरचा शेवट ते जानेवारी अशी धरा. पाहुणी बदकं ऑक्टोबरपासूनच यायला लागतात, पण तेव्हा बरेच नर अजून मादीसारख्या मळकट पिसांत असतात आणि नवख्याला सगळी सारखीच वाटतात. जानेवारीत तलवार बदकाची टोकदार शेपटी, थापट्याचं गडद हिरवं डोकं, चक्रांगाच्या डोळ्यावरचा हिरवा पट्टा असं सगळं रंगात आलेलं असतं.

निफाड तालुका राज्यातल्या सर्वांत गारठणाऱ्या भागांपैकी. कानटोपी, स्वेटर आणि दुर्बीण फिरवता येईल असे पातळ हातमोजे घ्या. कपडे खाकी किंवा मातकट असावेत, पांढरा आणि भडक लाल नकोच.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरेशी आहे. त्याहून मोठी हातात थरथरते. मात्र गोदावरी-कादवा संगमावरच्या या बंधाऱ्याचं पाणी दूरवर पसरलेलं आहे आणि थवे बरेचदा पलीकडच्या काठाला बसतात. म्हणून गटात एक तरी स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) आणि ट्रायपॉड हवाच. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. सूर्य पाठीशी राहील असा मनोरा निवडा, कारण उजेडाविरुद्ध बघितलं तर प्रत्येक बदक काळं दिसतं. स्थानिक गाइड जरूर घ्या, पाणी कुठे उतरलंय ते त्यालाच ठाऊक असतं.

खायला डबा, पाणी, कचऱ्यासाठी पिशवी. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका आणि फोटोसाठी थवा उठवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथे चरायचं आणि विसावायचं असतं, परतीची ताकद त्यातूनच साठते.

वाटेत ज्वारीचं शेत दिसलं तर बांधाबाहेर थांबा. फिंचसारख्या जाड चोचीचे भारीट तिथे थव्याने उतरतात. काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारीटांच्या माद्या ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं, तेव्हा खात्री नसेल तर नुसतं ‘भारीट’ लिहा.

वही-पेन्सिल विसरू नका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७पासून. तुमची नोंदही ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) पक्षी पाहिले त्याच दिवशी टाका. पट्टकादंब (डोक्यावर काळ्या आडव्या रेघा असलेले हंस) दिसले तर माना नीट बघा: मंगोलियात काहींना सांकेतिक अक्षरांचे रंगीत पट्टे घातलेले असतात. पट्ट्याचा रंग, अक्षरं, जागा आणि वेळ लिहून घ्या.