बबल टिप ॲनिमोन टँकमध्ये टिकवायचं तर

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पहिलंच ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणणार असाल तर बबल टिप ही जात घ्या. कार्पेट किंवा मॅग्निफिका या जातींचं ॲनिमोन कितीही देखणं वाटलं तरी ते नवख्याच्या हाती सहसा जगत नाही. बबल टिप चिवट आहे, पण कोवळ्या टँकमध्ये तेही तग धरत नाही. महिना-दीड महिन्यात सायकल (घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढण्याची प्रक्रिया) पूर्ण झाली म्हणजे टँक तयार झाला असं नाही. किमान सहा महिने थांबाच.

पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (मीठ किती आहे हे दाखवणारी पाण्याची घनता) १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच या एककात आणि अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट १० पीपीएमच्या खाली असावं, पण ते पार शून्यावर आणायच्या मागे लागू नका. आकड्यांपेक्षा ते स्थिर राहणं महत्त्वाचं, आणि आपल्याकडे ही स्थिरता बिघडते ती बाष्पीभवनाने. पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं. १५० लिटरच्या टँकमधून साडेसात लिटर पाणी उडालं की क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, ३५ वरून जवळपास ३७ पीपीटीवर (हजार भागांत ३७ भाग) जाते. म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेल्या) पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. ही भर आपोआप घालणारा ऑटो टॉप-ऑफ बसवलात तर उत्तम. मे महिन्यात पंख्याने भागलं नाही तर चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही, आणि पंखा लावला की पाणी आणखी वेगाने उडतं हेही ध्यानात ठेवा.

दुकानात ॲनिमोन निवडताना तोंड पाहा: ते घट्ट मिटलेलं हवं. पायाला (खडकाला चिकटणाऱ्या खालच्या भागाला) चीर नको, टेंटॅकल्स (तोंडाभोवतीच्या सोंडा) चिकट हवेत. पांढरंफटक ॲनिमोन म्हणजे त्याच्या ऊतींमधलं शैवाल गेलेलं. त्याचं बरंचसं अन्न त्या शैवालाकडूनच येतं. भडक पिवळं दिसलं तर ते रंगवलेलं असू शकतं. दोन्ही घेऊ नका.

घरी आणल्यावर ड्रिपने, म्हणजे त्याच्या डब्यात टँकचं पाणी थेंब थेंब सोडून, तासभर टँकच्या पाण्याची सवय करा. मग वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) तात्पुरता बंद करून, खोल फट असलेल्या लाइव्ह रॉकवर (जिवाणू वसलेल्या सच्छिद्र खडकावर) ठेवा. त्याला पाय फटीत खुपसून बसायचं असतं. जागा आवडली नाही तर ते चालू लागतं, आणि इथेच सगळ्यात वाईट अपघात होतो: चालता चालता ते वेव्हमेकरमध्ये ओढलं जातं, त्याचे तुकडे होतात आणि पाणी नासतं. त्यामुळे ॲनिमोन आणण्याआधीच वेव्हमेकरला जाळी आणि पंपाच्या तोंडाला स्पंज बसवा. एकदा बसलेलं ॲनिमोन ओढून काढू नका, पाय फाटतो.

रीफसाठीचा (प्रवाळांच्या टँकचा) दिवा रोज ८ ते १० तास पुरे. नवीन ॲनिमोनसाठी तीव्रता कमी ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. आठवड्यातून एकदा-दोनदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्याने टेंटॅकल्सवर ठेवा. मोठा तुकडा दिला तर ते अर्धवट पचलेला बाहेर टाकतं. टोकांचे फुगे गेले आणि टेंटॅकल्स लांबट झाले तर घाबरू नका. तेवढ्यावरून ते आजारी ठरत नाही.

दिवसातून कधीतरी ते पार आकसतं आणि तपकिरी दोरीसारखी घाण बाहेर टाकतं, हेही नेहमीचंच. काही तासांत पुन्हा फुलायला हवं. दोन-तीन दिवस आकसलेलंच राहिलं, तोंड उघडं पडलं, तर आधी क्षारता आणि अमोनिया तपासा, मग २० टक्के पाणी बदला. माशांना व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) झाला म्हणून तांब्याचं औषध या टँकमध्ये कधीही टाकू नका, ॲनिमोन मरेल. औषधोपचार वेगळ्या टँकमध्येच.

पाय सुटलेला, अंग विरघळायला लागलेलं, कुजका वास येतोय, असं असेल तर ते वाचणार नाही. त्याच क्षणी डब्यात घेऊन बाहेर काढा, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) लावा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा आणि पुढचे तीन-चार दिवस रोज अमोनिया मोजा.