कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्या: कुठेकुठे जाऊन आलो, याची नोंद कशी ठेवावी?

गावाकडून आलेल्या पाहुण्यांना गोल्डन गेट पुलावर नेऊन पलीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाला फोटो काढले असतील, तर तुमची मरिन काउंटी झाली. पण सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरून तिथूनच दुसरं विमान पकडलं असेल, तर सॅन फ्रान्सिस्को काउंटी झालेली नाही. तो विमानतळ सॅन मटेओ काउंटीत येतो. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, १५ वर्षं काढूनही मला हे ठाऊक नव्हतं, नोंदी करायला बसलो तेव्हा कळलं.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. आकारात मात्र विलक्षण तफावत आहे. सॅन बर्नार्डिनो सुमारे २०,००० चौरस मैलांची आहे. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तसे तीन तिच्यात मावतील. सॅन फ्रान्सिस्कोची जमीन ४७ चौरस मैल. लॉस एंजलिसमध्ये एक कोटीच्या आसपास माणसं, तर अल्पाइनमध्ये २०२० च्या जनगणनेनुसार १,२०४.

१. आधी नियम ठरवा

‘जाऊन आलो’ कशाला म्हणायचं? गाडीने हद्द ओलांडली की झालं, असं मोजणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. सॅन होजेहून १५२ आणि मग ५ नंबरच्या हायवेने लॉस एंजलिसला जाताना मर्सेड, फ्रेस्नो, किंग्ज, कर्न अशा चार काउंट्या खिडकीतूनच मागे पडतात. त्यांतलं आपण काय पाहिलं? माझा नियम असा: पाय जमिनीला लागले पाहिजेत, आणि तिथलं काहीतरी पाहिलं, खाल्लं किंवा तिथल्या कुणाशी बोललो पाहिजे. केटलमन सिटीला थांबून कॉफी घेतली आणि दुकानदाराशी दोन शब्द बोललात, तर किंग्ज काउंटी धरायला माझी हरकत नाही.

तुमचा नियम वेगळा असू द्या, पण मध्येच बदलू नका. ‘नुसती ओलांडली’ आणि ‘पाहिली’ असे दोन रकाने ठेवले की पुढचा गोंधळ टळतो.

२. तक्ता करा

वही चालेल, गुगल शीट्सही चालेल. रकाने थोडेच ठेवा: काउंटीचं नाव, तिचं मुख्य ठिकाण, पहिल्या भेटीची तारीख, सोबत कोण होतं, आणि आठवणीची एक ओळ. पुढेमागे इतर राज्यांच्याही नोंदी करायच्या असतील, तर सरकारी पाच अंकी क्रमांकही लिहा, कारण ऑरेंज काउंटी फ्लोरिडातही आहे. पहिले दोन अंक राज्याचे, उरलेले तीन काउंटीचे. कॅलिफोर्नियात अलामेडा ०६००१ आणि युबा ०६११५, मधले सगळे विषम आकडे वर्णानुक्रमाने.

३. जुन्या सहली शोधून काढा

याला वेळ लागतो, आणि सगळ्यात जास्त आनंद इथेच आहे. आठवणीवर भिस्त ठेवू नका. डिस्नीलँडची सहल आपण सहज लॉस एंजलिसच्या खाती टाकतो, पण ते ऑरेंज काउंटीत आहे. फोनमधले फोटो नकाशावर उघडून बघा. गुगल मॅप्समध्ये काउंटीचं नाव टाकलं की तिची हद्द दिसते. फोटो हद्दीच्या आत पडतो की बाहेर, हे लगेच समजतं.

‘योसेमिटी’ एवढंच लिहून तर मुळीच थांबू नका. मुख्य दरी मारिपोसा काउंटीत आहे. वरची टुआलमी मेडोज टुआलमी काउंटीत. टायोगा खिंड ओलांडून मोनो तळ्याकडे उतरलात की मोनो काउंटी. माझ्या वहीत ही एकच सहल होती, नीट पाहिल्यावर तिच्या तीन काउंट्या निघाल्या.

४. रस्त्यावरच्या खुणा वाचा

हद्दीवर काउंटीच्या नावाची पाटी असते. ती हुकली तरी राज्याच्या हायवेवर कडेला छोट्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या दिसतात. त्यांवर हायवेचा नंबर, काउंटीची अक्षरं (मारिपोसासाठी एमपीए, मोनोसाठी एमएनओ) आणि मैलांचा आकडा असतो. हा आकडा प्रत्येक काउंटीत नव्याने शून्यापासून सुरू होतो. पट्ट्या वाचायचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या. डोंगरात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

५. नकाशा रंगवा

काउंट्यांच्या रेषा असलेला कोरा नकाशा छापून घ्या आणि भिंतीवर लावा. तक्त्यात न दिसणाऱ्या गोष्टी रंगात दिसतात. माझ्याकडे मधोमध कोऱ्या काउंट्यांची माळच उरली होती. त्या सगळ्या ४९ नंबरच्या रस्त्यावर निघाल्या, जुन्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात. पुढची सहल तिथेच ठरली. फक्त ऋतू पाहा. टायोगा आणि एबेट्स या खिंडी हिवाळ्यात बंद असतात. अल्पाइनला तेव्हा ८८ नंबरच्या रस्त्याने जाता येतं, पण बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या जवळ हव्यात.

६. ती एक ओळ त्याच रात्री लिहा

घरी परतल्यावर लिहू म्हटलं की ‘छान होतं’ एवढंच सुचतं. मुक्कामाच्या ठिकाणीच लिहा, आणि दुसऱ्या कुठल्याही काउंटीला लागू पडणार नाही असं काहीतरी लिहा. माझी मोनोची ओळ अशी आहे: ‘ब्रिजपोर्ट. १८८० सालचं पांढरं लाकडी कोर्ट, अजून चालू. आईने समोरच्या हिरवळीवर दशम्या सोडल्या, वारा इतका की चटणीचा कागद उडाला.’