पाऊस ओसरला की स्ट्रॉबेरीचा जुना वाफा नवा करायचा, तो कसा

पुण्यात पाऊस साधारण दसऱ्याच्या आसपास जातो आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्याला हात घालायची हीच वेळ. महाबळेश्वर-पाचगणीकडे सप्टेंबरपासूनच लावणी सुरू होते पण तिथे गारवा असतो, आपल्याकडे मधे ऑक्टोबर हीट येते, त्यामुळे वाफा आधी तयार करून ठेवा आणि रोपं मात्र रात्री जरा गार व्हायला लागल्यावर, संध्याकाळी लावा.

आधी जुनी रोपं बघा. पावसात बरीचशी सडतातच, जी टिकली ती सगळी ठेवायचा मोह होतो पण दोन सीझन फळं दिलेलं रोप सरळ काढा, त्याला नंतर पानंच येत राहतात आणि फळ बारीक होत जातं. खरा माल म्हणजे रनर, म्हणजे आईरोपाने पावसाळ्यात जे लांब दोरे सोडलेत त्यांच्या टोकाची पिल्लं. ज्यांना तीन-चार पानं आणि पांढरी मुळं आहेत तीच घ्या, दोरा कापा, झालं नवीन रोप. मुळं नसतील तर पिल्लू शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीवर टेकवून वाकवलेल्या तारेने दाबून ठेवायचं, तीन-चार आठवड्यांत मुळं धरली की मग कापायचं. पानांवर डाग असलेल्या रोपाचा रनर अजिबात घेऊ नका, रोग सोबत येतो. रनरच नसतील तर नर्सरीत स्वीट चार्ली, विंटर डॉन किंवा कॅमारोसा या जातींची रोपं विचारा.

जागा शक्यतो बदला, आणि जिथे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटे होते तिथे तर लावूच नका कारण मातीतून येणारा मर रोग या सगळ्यांना सारखाच धरतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि स्ट्रॉबेरीला ते सोसत नाही, म्हणून वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. ताजं शेण नको, मुळं जळतात. गच्चीवर असाल तर हेच मिश्रण ग्रो बॅगमधे भरा, खाली भोकं मोकळी आहेत ना बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लावताना रोपाचा क्राउन, म्हणजे पानं जिथून निघतात तो जाडसर भाग, बरोब्बर मातीच्या लेव्हलला हवा. खाली गेला तर सडतो, वर राहिला तर मुळं सुकतात, आणि नवीन लावलेली रोपं मरतात ती बहुतेक याच कारणाने. पाणी घातल्यावर माती बसते, तेव्हा परत एकदा बघा. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा, पहिले आठ-दहा दिवस दुपारी हिरवी शेडनेट, पाणी सकाळी आणि बुडाशी, पानांवर नाही. पहिली आलेली फुलं खुडून टाका, जीवावर येतं पण रोप आधी अंग धरू दे. नंतर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा खाली पसरा, फळ मातीला टेकत नाही.

वाफ्याचं झालं की त्याच आठवड्यात गुलाबाची छाटणी उरका, मेथी-पालक-कोथिंबीर पेरा आणि कुंड्यांखाली, विटांच्या फटीत लपलेल्या गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाका, कारण कोवळी स्ट्रॉबेरी त्यांना भयंकर आवडते. ते मिठाचं पाणी मात्र झाडांत ओतू नका.

डिसेंबरात फळं रंग धरायला लागली की लगेच जाळी टाका, नाहीतर बुलबुल आधी येतात. आणि फळ पूर्ण लाल झाल्यावरच, सकाळी, देठासकट तोडा, तोडल्यावर ते आणखी गोड होत नाही.