पीपीटीची डीव्हीडी करताय? या चुका टाळा

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, आईबाबांच्या लग्नाची ५० वर्षं, नाहीतर मंडळाचा अमृतमहोत्सव, असं काही असलं की घरातलं कुणीतरी पॉवरपॉइंटमध्ये फोटो लावून मस्त स्लाईड शो करतं आणि कार्यक्रम झाला की मागणी येते, आम्हाला याची सीडी करून दे ना, टीव्हीवर बघत बसू. गिरगाव, परळ, दादर इकडच्या कितीतरी घरांत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून आहे आणि ज्यांना पेनड्राईव्ह, कास्ट वगैरे भानगडी जमत नाहीत त्यांना डिस्क घालून प्ले दाबणं बरोबर जमतं. म्हणून हे काम नीट करून द्यायला हवं. आपण शेजारी नसताना ती डिस्क चालली पाहिजे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पीपीटीची फाईल उचलून तशीच डिस्कवर टाकणं. प्लेअरला पॉवरपॉइंट कळत नाही, तो 'नो डिस्क' किंवा 'डिस्क एरर' दाखवून मोकळा होतो. मग कुणीतरी सांगतं की आधी व्हिडिओ बनव, तर आपण एमपी फोर बनवून ती फाईल डिस्कवर कॉपी करतो, आणि बहुतेक जुन्या प्लेअरवर तीही चालत नाही. प्लेअरला लागते डीव्हीडी-व्हिडिओ, म्हणजे आत एमपेग टू प्रकारचा व्हिडिओ आणि 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फायली. हे हाताने करायचं नसतं, डीव्हीडीस्टायलरसारखं फुकट सॉफ्टवेअर तुमच्या एमपी फोरवरून सगळं करून देतं. विंडोज व्हिस्टा आणि ७ च्या काही आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर आयता मिळायचा, विंडोज ८ पासून तो काढून टाकला, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर तो शोधत बसू नका.

आता टायमिंग. इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण डिस्क चालत असूनही बघणारे कंटाळतात किंवा वैतागतात ते याच्यामुळे. हॉलमध्ये दाखवताना क्लिक तुमच्या हातात असतं, लोक हसले की थांबता, पण व्हिडिओत क्लिक नाही. पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ करायची सोय आत आहे (एमपी फोर २०१३ पासून, त्याआधी डब्ल्यूएमव्ही) आणि तिथे तुम्ही काही ठरवलं नाहीत तर प्रत्येक स्लाईडला ५ सेकंद मिळतात. नुसत्या फोटोला ५ सेकंद पुरतात, पण '१९६२ साली गिरगावातल्या खोलीत पहिली दिवाळी, डावीकडून आत्या, मोठे काका, मांडीवर बाबा' एवढं वाचून मग चेहरे ओळखायचे म्हटलं तर ५ सेकंदात आत्यापर्यंतच पोचतो माणूस. यावर उपाय म्हणजे 'रिहर्स टायमिंग्ज' चालू करा, प्रत्येक स्लाईडवरचा मजकूर मोठ्याने सावकाश वाचा, फोटो बघायला वर तीन-चार सेकंद थांबा आणि मगच पुढे जा. ग्रुप फोटोला १२-१५ सेकंद बिनधास्त द्या, घरची माणसं त्यात एकेकाला शोधत असतात. शेवटी एक्सपोर्ट करताना 'युज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स' हा पर्याय निवडलाय ना हे बघा, नाहीतर एवढी मेहनत करून परत सगळीकडे ५ सेकंदच.

गाणं पहिल्या स्लाईडलाच थांबतंय अशी तक्रारपण खूप असते. ऑडिओवर क्लिक करून 'प्ले इन बॅकग्राउंड' दाबा म्हणजे ते सगळ्या स्लाईडवर चालू राहतं. स्लाईडवर लिंक किंवा बटणं असतील तर ती व्हिडिओत चालणार नाहीत, काढून टाका.

अक्षरं दिसत नाहीत, हा दुसरा मोठा प्रॉब्लेम. आपल्याकडच्या पाल (भारतात चालणारी टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं, म्हणजे फुल एचडीच्या साधारण पाचवा हिस्सा, त्यामुळे लॅपटॉपवर स्वच्छ दिसणारं १६ पॉइंटचं मराठी टीव्हीवर फिसकटतं, वेलांट्या आणि रफार तर आधी जातात. २८ पॉइंटच्या खाली उतरू नका, जाडसर अक्षर घ्या, बारीक रेघांच्या चौकटी टाळा कारण त्या टीव्हीवर लुकलुकतात, आणि भडक लाल रंगाचा मजकूरही नको, त्याच्या कडा पसरतात. जुना डबा टीव्ही चित्राच्या कडा कापतो म्हणून चारी बाजूंनी साधारण दहावा भाग मोकळा ठेवा. आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केला असेल तर व्हिडिओ त्याच कॉम्प्युटरवर बनवा. फाईल भावाच्या लॅपटॉपवर उघडलीत आणि तिथे तो फॉन्ट नसेल तर आजोबांच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतील. एकदा व्हिडिओ झाला की मग काळजी नाही, अक्षरं चित्रातच जातात.

चेहरे लांबट किंवा चपटे दिसतायत? मग स्लाईडचा आकार आणि डीव्हीडीचा आकार जुळलेला नाही. पीपीटी १६:९ असेल तर डीव्हीडीस्टायलरमध्येही १६:९ निवडा, ४:३ असेल तर ४:३. त्याच खिडकीत पाल निवडायचं असतं, चुकून एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्हीची पद्धत, राहिलं तर काही जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं होतं किंवा वरखाली सरकत राहतं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला व्हिडिओत किती डेटा जातो तो आकडा, ६-७ एमबीपीएस ठेवा. ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचा कार्यक्रम त्यात आरामात बसतो, उगाच ९ च्या पुढे नेलंत तर जुना प्लेअर अडखळायला लागतो. मेनू शक्यतो ठेवूच नका, डिस्क आत गेली की कार्यक्रम सुरू व्हायला हवा, बाण दाबत बसणं मावशीला नको असतं. पण चॅप्टर मात्र टाका, बालपण, नोकरी, लग्न, नातवंडं असे, म्हणजे रिमोटचं नेक्स्ट दाबून हवं तिथे जाता येतं.

कोरी डिस्क घेताना लॅमिंग्टन रोडवर दुकानदार समोर ठेवेल ती उचलू नका, डीव्हीडी-आर मागा. जुने प्लेअर ती बहुतेक वेळा वाचतात, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू वाचताना मात्र कटकट करतात. बर्न करताना, म्हणजे डिस्कवर लिहिताना, सगळ्यात जास्त स्पीड नको, ४एक्स किंवा ८एक्स पुरे. चालू असताना त्याच लॅपटॉपवर दुसरं जड काम काढू नका, आणि डिस्क फायनलाइज झाली, म्हणजे लिहून कायमची बंद झाली, की नाही ते तपासा, ते राहिलं तर ती तुमच्या लॅपटॉपवर चालते आणि प्लेअरवर नाही.

बर्न करण्याआधी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाईलमधली नक्कल, बनवून व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये पूर्ण बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. पहिली डिस्क खऱ्या प्लेअरवर, खऱ्या टीव्हीवर, सोफ्यावर मागे बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा आणि जमलं तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत बसवा, कुठली स्लाईड भरकन जाते ते त्यांच्याकडूनच कळेल. मगच बाकीच्या कॉप्या काढा.

नाव लिहायला सीडी मार्करच वापरा, बॉलपेनने वरचा थर खरवडला जातो आणि कागदी स्टिकरमुळे डिस्क फिरताना डगमगते. आपल्याकडच्या पावसाळ्यात नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या डिस्क चिकटतात, डाग धरतात, तेव्हा कडक केस घ्या आणि कोरड्या कपाटात उभी ठेवा. मूळ पीपीटी, एमपी फोर आणि आयएसओ तिन्ही हार्ड डिस्कवर जपून ठेवा, पुढच्या दिवाळीत मुलुंडच्या काकूंनी त्यांची डिस्क अडकते म्हणून फोन केला तर आयएसओवरून नवी कॉपी अर्ध्या तासात काढून देता येते.