सर्वोच्च न्यायालयाचा निकाल श्रोत्यांना समजावून कसा सांगावा

सर्वोच्च न्यायालयाच्या एखाद्या ताज्या निकालावर वाचनालयात, सामुदायिक रेडिओवर किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सभेत बोलायचे असेल, तर न्यायालयापुढे नेमका कोणता प्रश्न होता, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. हे वाक्य जमत नसेल तर निकाल अजून आपल्यालाच कळलेला नाही असे समजून पुन्हा वाचायला बसावे. बातमीचा मथळा न्यायालय काय म्हणाले ते सांगतो. कोणत्या प्रश्नावर म्हणाले ते बहुधा सांगत नाही, आणि श्रोत्यांचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

५ नोव्हेंबर २०२४ चा नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ‘खासगी मालमत्ता आता सरकारला घेता येणार नाही’, अशा अर्थाची चर्चा त्या दिवशी सर्वत्र झाली. मूळ वाद मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर (सेस) घेतला जातो आणि बोलण्यात ज्यांना सेसच्या म्हणतात, त्या इमारतींचा होता. म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेल्या आठ-अ या प्रकरणानुसार ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेच्या माध्यमातून मागणी केल्यास अशी इमारत जमिनीसह संपादित करता येते आणि मालकाला मोबदला म्हणून मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळते. घरमालकांच्या संघटनेने या तरतुदीला आव्हान दिले. कायद्याच्या बचावासाठी राज्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) चा आधार घेतला. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा नऊ न्यायाधीशांपुढचा मुख्य प्रश्न असा होता की, या ‘समाजाच्या साधनसंपत्ती’त प्रत्येक खासगी मालमत्ता मोडते काय? सात न्यायाधीशांनी उत्तर दिले की प्रत्येक मोडत नाही, काही मोडू शकतात, आणि ते त्या मालमत्तेचे स्वरूप, तिची दुर्मीळता, समाजावर होणारा तिचा परिणाम अशा निकषांवर ठरवावे लागेल. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी अंशतः सहमती दर्शवली, तर न्यायमूर्ती धुलिया यांनी विरोधी मत दिले.

आता सभेत बसलेला गिरगावचा भाडेकरू साहजिकच विचारील, ‘मग आमच्या इमारतीचे काय झाले?’ प्रामाणिक उत्तर असे की, त्या दिवशी काहीच झाले नाही, कारण आठ-अ प्रकरण वैध की अवैध हे नऊ न्यायाधीशांनी ठरवलेच नाही. त्यांनी फक्त घटनात्मक मुद्द्याचे उत्तर दिले आणि मूळ प्रकरणे योग्य त्या पीठाकडे जाण्यासाठी मोकळी केली. सार्वजनिक प्रयोजनासाठी रीतसर मोबदला देऊन भूसंपादन करण्याचा सरकारचा अधिकारही त्या निकालाने गेला नाही. निकालात काय नाही हे सांगणे श्रोत्यांसाठी अनेकदा जास्त उपयोगाचे असते.

यानंतर बंधनकारक भाग आणि नुसती मतप्रदर्शने वेगळी करावीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास, म्हणजे आरक्षणासाठी त्यांचे आतले गट पाडण्यास, राज्यांना मुभा दिली आणि २००४ चा पाच न्यायाधीशांचा विरुद्ध निर्णय रद्द ठरवला. त्यात एकूण सहा स्वतंत्र निकालपत्रे आहेत. न्यायमूर्ती गवई यांनी आपल्या निकालपत्रात अनुसूचित जाती-जमातींनाही क्रीमी लेयरचा, म्हणजे पुढारलेल्या कुटुंबांना आरक्षणातून वगळण्याचा, निकष लावावा असे म्हटले आणि आणखी तीन न्यायाधीशांनी त्याला दुजोरा दिला. तरीही तो प्रश्न पीठापुढे निर्णयासाठी नव्हता, म्हणून त्या मताने कायदा बदलला नाही. चर्चा मात्र मूळ निर्णयापेक्षा त्याचीच अधिक झाली. अशा वेळी ‘न्यायालयाने आदेश दिला’ आणि ‘न्यायाधीशांनी मत व्यक्त केले’ ही दोन क्रियापदे बोलताना काटेकोरपणे पाळावीत. उपवर्गीकरणाची मुभा मिळाली, सक्ती झाली नाही, हेही त्याच दमात सांगावे.

न्यायाधीशांची संख्या सांगणे हा उपचार नव्हे. लहान पीठ मोठ्या पीठाचा निर्णय मोडू शकत नाही, त्यामुळे दोन, पाच, सात, नऊ या आकड्यांवरून निकाल किती पक्का आहे याचा अंदाज येतो.

काही निकाल ऐकणाऱ्याला विसंगत वाटतात. तिथे घाई करू नये. महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावरील ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे पाच न्यायाधीशांनी एकमताने म्हटले, पण उद्धव ठाकरे यांचे सरकार परत आणले नाही. याचे कारण त्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता, आणि स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नव्हते. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला गेला. ‘चूक झाली’ आणि ‘चूक दुरुस्त करता येते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे उलगडून दाखवले की श्रोत्यांचा गोंधळ मिटतो. कोणाचा विजय झाला यावर वक्त्याने घसरू नये. तो वाद सभेनंतर चहाच्या टपरीवर होणारच असतो.

सुनावणीच्या वेळी न्यायाधीशांनी तोंडी मारलेले ताशेरे निकालात आले नसतील, तर ते निकाल म्हणून सांगू नयेत. उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्धची विशेष अनुमती याचिका कारणे न देता फेटाळली गेली, तर त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या मतावर शिक्कामोर्तब केले असा होत नाही. अंतरिम स्थगितीलाही अंतिम निर्णय म्हणू नये.

निकालाची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि अनेक निकालांची मराठी भाषांतरेही तिथे आहेत, परंतु अधिकृत पाठ इंग्रजीच धरला जातो. म्हणून शंका आली की तोच उघडावा. सर्व पाने वाचणे शक्य नसेल तर निष्कर्षांचा आणि आदेशाचा शेवटचा भाग, त्यानंतर मुद्द्यांची मांडणी, आणि मग विरोधी मत असा क्रम ठेवावा. विरोधी मत वगळू नये, कारण बहुमताने कोणता युक्तिवाद नाकारला ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

भाषणाच्या अखेरीस पुढे काय होणार ते तारखांसह सांगावे. राजकीय पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांच्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात रोखे घटनाबाह्य ठरले, विक्री तात्काळ थांबली आणि स्टेट बँकेला तपशील देण्यासाठी ६ मार्चची मुदत मिळाली. बँकेने ३० जूनपर्यंत वेळ मागितला. ११ मार्चला ती मागणी फेटाळून दुसऱ्याच दिवशी कामकाज संपेपर्यंत तपशील देण्याचा आदेश झाला. असा आदेश नसलेल्या निकालात, अंमलबजावणीसाठी विधिमंडळाने कायदा करायचा आहे, सरकारने अधिसूचना काढायची आहे की खालच्या न्यायालयात प्रकरण पुन्हा चालायचे आहे, ते सांगावे. शिवाय पुनर्विलोकन याचिकेसाठी, म्हणजे न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा या विनंतीसाठी, साधारणतः ३० दिवसांची मुदत असते, याचीही नोंद द्यावी.