दोन तासांत गेम पारखायचा कसा

स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर कारण काहीही असो, पैसे परत मागता येतात. एपिक या दुसऱ्या दुकानाचा नियमही बहुतेक गेमना हाच आहे. महापे-ऐरोलीच्या ऑफिसातून ठाण्याला किंवा ठाण्याहून नेरुळला घरी पोचणाऱ्या माणसाकडे रात्री जेवणानंतर साधारण तेवढाच वेळ उरतो. त्यामुळे ‘गेम चांगला आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. तुमच्या त्या वेळात, तुमच्या मशीनवर आणि तुमच्या घरच्या नेटवर तो नीट चालतो का, हे बघावं लागतं. शिवाय काही उत्तम गेम पहिल्या दोन तासांत खरे दिसतच नाहीत. ते कोणते, हेही पुढे सांगतो.

विकत घेण्याआधी

स्टीमच्या पानावर गेमखाली जो स्तुतीचा शेरा दिसतो, तो गुणांचा आकडा नसतो. किती टक्के खेळणाऱ्यांनी ‘घ्या’ म्हटलं, एवढंच त्यातून कळतं. त्यामुळे बहुतेकांना नुसता बरा वाटलेला गेमही तिथे झळकतो. एकूण शेरा आणि गेल्या ३० दिवसांतला शेरा शेजारी ठेवून बघा. अलीकडचा एकदम खाली गेला असेल, तर एखाद्या अपडेटनं काहीतरी बिघडवलेलं असतं. मग नापसंतीची मतं उघडा आणि २० ते ५० तास खेळलेल्यांची वाचा. एका तासात वैतागलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या मशीनबद्दल बोलत असतो आणि हजार तास खेळलेला कंटाळ्याबद्दल. मधल्यांना गेम पुरता कळलेला असतो आणि त्याचा राग-लोभही शिल्लक असतो.

मोठा ओपन-वर्ल्ड गेम (ज्यात मोकळ्या जगात हवं तिथे फिरता येतं) पहिल्या दिवशी घेऊ नका. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर इतका मोडका निघाला, की सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला. जून २०२१ मध्ये तो परत आला आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनं पोलीस आणि कौशल्यांची रचना मुळापासून बदलली. आज तो जरूर घ्यावा. त्याच्याइतकं दाट, गजबजलेलं शहर दुसऱ्या गेममध्ये मला दिसत नाही. फक्त २.० नंतर एसएसडी ही त्याची किमान गरज झाली आहे, तेव्हा जुन्या हार्ड डिस्कवर टाकू नका. थांबणाऱ्याला गेम दुरुस्त होऊन मिळतो आणि बहुतेक वेळा स्वस्तही. स्टीमचे मोठे सेल साधारण जूनअखेरीस आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत लागतात.

डाउनलोडचा हिशोबही आधीच करा. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी उतरतात. ‘बाल्डर्स गेट ३’ किंवा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ यांना १५० जीबी जागा लागते. तेवढं सगळं उतरवायचं तर सलग ३ तास २० मिनिटं, तीही घरात दुसरं कोणी काही बघत नसेल तर. शुक्रवारी रात्री झोपताना डाउनलोड लावा, शनिवारी खेळा. डाउनलोडचा वेळ दोन तासांत धरला जात नाही, पण १४ दिवस मात्र खरेदीपासूनच मोजले जातात.

घड्याळ सुरू झाल्यावर

दोन तासांत काय काय धरलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गेमचा लाँचर (गेमच्या आधी उघडणारी छोटी खिडकी) नुसता उघडा असला तरी मिनिटं पडत राहतात. पहिल्यांदा गेम उघडल्यावर ‘शेडर’ (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करणारी पट्टी १०-१५ मिनिटं सरकत असेल, तर तीही मोजली जाते. पात्राचा चेहरा घडवण्यात घालवलेला वेळसुद्धा. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये तर पात्र बनवण्यातच तास सहज जातो. परीक्षेपुरतं तयार पात्र निवडा आणि पुढे व्हा.

पहिली वीस मिनिटं सेटिंगला द्या. स्टीमच्या स्वतःच्या सेटिंगमधून एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा कोपऱ्यात लावून घ्या. ६० एफपीएसला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं, ३० ला ३३.३. आकडा कमी येत असेल तर आधी सावल्या खाली आणा, मग धुकं आणि प्रकाशझोत, मग प्रतिबिंबं. टेक्स्चरला (वस्तूंवरच्या रंग-पोताच्या चित्रांना) सगळ्यात शेवटी हात लावा. ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरेपर्यंत टेक्स्चरमुळे वेग फारसा घटत नाही, पण एकदा ती भरली की गेम अडखळायला लागतो. ६ जीबीच्या कार्डावर नव्या गेमना मध्यम टेक्स्चर ठेवणं बरं. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान काढलेलं चित्र मोठं करून वेग वाढवणाऱ्या सोयी) ‘क्वालिटी’वर ठेवा. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर त्याच्याखाली गेलात तर चित्र धुरकट होतं.

वेगाचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत लावायचा नाही. ठाण्यात मे महिन्यात एसीशिवायच्या खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर वीस-पंचवीस मिनिटांत ९५ अंशांपर्यंत तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून आकडा अर्ध्या तासानंतर पाहा, तोही गर्दीच्या जागी: बाजारात, पावसात, चार शत्रू एकदम अंगावर आलेले असताना. ७० आणि ४५ च्या मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा ४५ ला बांधलेला गेम डोळ्यांना शांत वाटतो आणि मशीनही कमी तापतं.

साधारण सत्तराव्या मिनिटाला सोडून जाण्याची परीक्षा घ्या. गेम मध्येच थांबवा, सेव्ह करून बाहेर पडा, परत उघडा. किती मागे फेकले गेलात? दाराची बेल वाजते, आईचा फोन येतो, सकाळी ७.१२ ची गाडी असते. जो गेम यातल्या कशालाही जागा देत नाही, तो कितीही सुंदर असला तरी महिन्याभरात बंद पडतो. निर्णय शंभराव्या मिनिटापर्यंत घ्या. ११८ व्या मिनिटाला ‘अजून एक मिशन’ केलंत की परतीचा रस्ता बंद. आणि ही सोय फुकट चाखण्यासाठी वारंवार वापरली, तर स्टीम ती काढूनही घेऊ शकतं.

काही गेमबद्दल स्पष्ट मत

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८, पीसीवर २०१९) या परीक्षेत हमखास नापास होतो, आणि हा अन्याय आहे. बर्फातला पहिला अध्याय संथ आहे. तो संपेपर्यंत दोन तास जवळजवळ उडालेले असतात आणि खरा गेम त्यानंतर उघडतो. मात्र मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही, आणि घोड्यावरून लांबच लांब जाणं हाच त्याचा प्राण आहे. शनिवार-रविवारी सलग तीन तास मिळत असतील तर डोळे मिटून घ्या. रोज रात्री चाळीस मिनिटंच मिळत असतील तर नको, तुम्ही नायक आर्थरच्या गोष्टीशी कधीच जुळणार नाही.

‘द विचर ३’ (२०१५) कामकरी माणसाला जास्त सोसतो. कुठेही थांबवता येतो, लढाई चालू नसेल तर कुठेही सेव्ह होतो, आणि एकेक काम तासाभरात पुरं होतं. तलवारबाजी मध्यम दर्जाची आहे, हे मान्य करूनच घ्या. वीस तासांनंतर त्याच तीन हालचाली होत राहतात. लिखाणासाठी खेळा. गावातल्या एका विहिरीच्या भुताच्या कामातही इथे माणसांचं दुःख असतं. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर डायरेक्टएक्स १२ मध्ये तो जड झाला आहे. जुन्या कार्डावर लाँचरमधून डायरेक्टएक्स ११ निवडा, फरक लगेच कळेल.

‘एल्डन रिंग’ (२०२२) बद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, तो फक्त तासन्‌तास बसणाऱ्यांसाठी आहे. त्यात थांबवायचं बटण नाही हे खरं, पण मेन्यूमधून रीतसर बाहेर पडलात तर जिथे उभे होता तिथेच परत येता. फक्त थेट स्विच बंद करू नका. दुसरा, तो सर्वांना जमतोच. तसं नाही. अवघडपणा कमी करायची सोयच नाही, आणि पहिल्या किल्ल्यासमोरचा मार्गिट हा मोठा शत्रू नवख्याला रडवतो. उपाय असा: त्याला सोडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा, हत्यार +३ पर्यंत वाढवा, जीवाचे (व्हिगरचे) पॉइंट २० च्या पुढे न्या, मग परत या. एवढं करूनही मजा येत नसेल, तर तो तुमचा गेम नाही. तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही. पीसीवर त्याला ६० एफपीएसची मर्यादा आहे, तेव्हा त्याच्यासाठी महागडा १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊ नका.

अवघड पण माणुसकीचा गेम हवा असेल तर ‘हेडीज’ घ्या. एक फेरी अर्ध्या तासाच्या आसपास, आणि मध्येच बाहेर पडलात तर त्याच खोलीच्या सुरुवातीला परत येता. सेटिंगमध्ये ‘गॉड मोड’ आहे: सुरुवातीला २० टक्के मार कमी लागतो, आणि प्रत्येक मरणाबरोबर त्यात २ टक्क्यांची भर पडत ती ८० पर्यंत जाते. ती लाजेची गोष्ट समजू नका. ‘सेलेस्ट’ मधला असिस्ट मोडही असाच मनापासून बनवलेला आहे.

‘स्टारड्यू व्हॅली’ मध्ये शेतातला एक दिवस घड्याळाच्या साधारण १४ मिनिटांचा असतो आणि पीसीवर सेव्ह फक्त झोपताना होतं. म्हणजे लाइट गेली तर नुकसान फार तर एका दिवसाचं. ‘हॉलो नाइट’ला पहिले तीन तास माफ करा. नकाशाही विकत घ्यावा लागतो, वाट चुकते, कंटाळा येतो, आणि मग तो धरतो तो सोडत नाही.

दरवर्षीचा फुटबॉल गेम दरवर्षी घेऊ नका. ‘करिअर’ खेळणाऱ्याला मागच्या वर्षीचा पुरेसा आहे. ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात संघ बांधण्यासाठी विकत घ्यायची खेळाडूंची पाकिटं हा जुगाराच्या जवळ जाणारा प्रकार आहे, आणि नवा गेम आला की त्या खेळाडूंची किंमत शून्य. लहान मुलाच्या हाती कन्सोल असेल तर कार्डाची माहिती सेव्ह न ठेवणं हाच उपाय.

नेट आणि लाइट

‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांना मुंबई सर्व्हर आहे. ठाणे-वाशीतून फायबर आणि लॅन वायरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) दहा-वीसच्या आसपास यायला हवा. ७० दिसत असेल तर गेमनं तुम्हाला सिंगापूरला टाकलेलं असण्याची शक्यता आहे. आधी सर्व्हर तपासा, मग केबलवाल्याशी भांडा. पिंग मध्येच उड्या मारत असेल तर दोष बहुतेक वेळा वाय-फायचा. मोठ्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्‌झवर आजूबाजूचे पंचवीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात. वायर ओढणं शक्य नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. ‘व्हॅलोरंट’ घालण्याआधी विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या दोन सुरक्षा-सोयी चालू करून घ्या, नाहीतर ‘व्हॅन ९००१’ किंवा ‘९००३’ असा संदेश देऊन गेम उघडणारच नाही. आणि चाळीस मिनिटं उठावं न लागण्याची खात्री नसेल तर रँक्ड (क्रमवारीचा) सामना सुरूच करू नका. चार अनोळखी माणसांचा वेळ तुमच्यावर अवलंबून असतो. घाईत असाल तर ‘रॉकेट लीग’: पाच मिनिटांचा सामना, फुकट, आणि शिकायला वर्षं पुरणार नाहीत इतका खोल.

पहिल्या पावसात लाइट झपकन जाऊन येते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात असताना तो भार न झेपून बंद पडतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. त्यातून सेव्ह करून बंद करण्यापुरती काही मिनिटं मिळतात, खेळत राहण्याइतकी नाही. राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा, पण आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

गाडीत, आणि गणपतीत

ठाणे-वाशी साधारण अर्धा तास, ठाणे-पनवेल जवळपास तास. इथे ऑनलाइन गेम नको. बीजीएमआयची (पब्जीच्या भारतीय आवृत्तीची) नेमबाजी मोबाइलवर आजही उत्तम आहे, पण धावत्या गाडीत टॉवर बदलला की पिंग उडतो, आणि जायरोस्कोप (फोन हलवून नेम धरायची सोय) चालू असेल तर रुळांच्या वळणावर नेमही सरकतो. फोन चार्जिंगला लावून तो खेळू नका. बॅटरी तापते, पडदा मंद होतो, एफपीएस पडतो. गाडीसाठी ‘बॅलेट्रो’ किंवा ‘स्ले द स्पायर’: नेट लागत नाही, आणि तुर्भे आलं म्हणून फोन खिशात टाकला तरी डाव जागच्या जागी राहतो. ‘बॅलेट्रो’ जाहिरातींशिवाय आहे. एकदाच पैसे द्या आणि विसरा.

गणपतीत भावंडं जमली की ‘ओव्हरकुक्ड’ लावा. एका टीव्हीवर चौघं खेळतात आणि नियम दोन मिनिटांत कळतात. दोघंच असाल तर ‘इट टेक्स टू’. एकानं विकत घेतला की दुसरा ‘फ्रेंड्स पास’वर फुकट खेळतो, तो खारघरला का असेना. टीव्हीवर खेळताना ‘गेम मोड’ आधी चालू करा. एरवी चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही इतका उशीर करतो, की उडीचं बटण दाबल्यावर पात्र खड्ड्यात पडून मग उडी मारतं.

प्लेस्टेशनच्या दुकानातून डिजिटल घेतलेल्या गेमला वरची दोन तासांची परीक्षा लागू नाही. डाउनलोड सुरू केलंत की पैसे परत मिळण्याची आशा सोडा. म्हणून पीएस५ वर शंका असलेला गेम जुन्या डिस्कवर घ्या आणि नाही आवडला तर विका. घेताना डिस्क उजेडात तिरकी धरून गोल चरे बघा, दुकानातच लावून इन्स्टॉल सुरू होतं का तपासा, आणि मागच्या बाजूला कुठल्या देशाची आहे ते वाचा. परदेशी डिस्क भारतातल्या अकाउंटवर चालते, पण भारतातल्या दुकानातून घेतलेला जोडभाग तिच्यावर बसेलच असं नाही.